पुढील आदेशापर्यंत

रम्सच्या खोरावर (त्यांचा खोर म्हणजे आपली खाडी)
पहाटे सव्वापाचला आम्ही फलक ठोकला.
अरबी, इंग्रजी, उर्दू, मल्याळम, बंगाली:
शिंपले काढण्यास मनाई. पुढील आदेशापर्यंत.
मराठी नव्हती. कुणी विचारलं नाही,
मीही सुचवलं नाही.

पाणी गंजक्या पत्र्यासारखं.
रात्री मात्र तेच निळं पेटतं,
आणि पोरं मोबाइल धरून गुडघाभर आत उभी राहतात.

तिसरीचा यात काही दोष नाही.
ती वाळूत बसून पाणी गाळते,
काय अडकलं ते गाळणीला कुठे कळतं.
वास तोच, चव तीच.
उकडा, तळा, वर आगळ ओता;
हे विष उकळीला भीक घालत नाही.

आदल्या दुपारी प्रयोगशाळेत
माझ्या हातात स्टॉपवॉच होतं.
पांढरा उंदीर, वीस ग्रॅमचा, अर्क टोचलेला.
तो किती मिनिटांत थांबतो
त्यावर किनारा थांबवायचा की नाही ते ठरतं.
पाच मिनिटं दहा सेकंद.
आकडा लिहिला. हात धुतले. पुन्हा धुतले.

खलफान म्हातारा फलकापाशी बराच वेळ उभा राहिला.
त्याचा बाप याच पाण्यात मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
मला विचारलं, खेकड्यांचं काय?
खेकड्यांचं काही लिहिलेलं नाही, मी म्हणाले.
बरं झालं, तो म्हणाला,
त्यांना वाचता येत नाही.

मग दिलदार नाखवा.
हर्णैचा, चौदा वर्षं कामगार छावणीचा आचारी.
शुक्रवार, उधाणाची ओहोटी,
पाणी पार खांबांच्या पलीकडे गेलेलं,
आणि त्याची बादली निम्मी भरलेली.
काका, टाका ते, मी म्हणाले, विष आहे त्यात.
तो हसला. एक शिंपली कानाशी धरून वाजवली.
"बाय गो, मेलेली नाय, जित्ती हाय.
तिसरी आता तुझ्याकडनं शिकू काय?"
मी बादली हिसकावून घ्यायला हवी होती.
मी त्यांना वाचून दाखवलं, उर्दूतून,
सरकारी आवाजात.
त्यांनी मान डोलावली, आवाजाला डोलावतात तशी.

रात्री साडेदहाला फोन.
एकशिपी केलेली, नारळ घालून, खोलीतल्या सहा पोरांसाठी.
आचारी शेवटी जेवतो, म्हणून हे शुद्धीवर.
"पोरं म्हनतात ओठ सापडत नाय.
माना वाटलं मिरची जास्त झाली.
पानी दिलं तर पानी बाहेर सांडतंय, बाय."

सैफुल, एकोणीस वर्षांचा, दोन रात्री यंत्राच्या श्वासावर.
तिसऱ्या सकाळी त्याने स्वतःची बोटं हलवली
आणि बराच वेळ त्यांच्याकडेच बघत राहिला.
बाकीचे पाच आधीच सुटले होते.
नाखवांनी मला काही म्हटलं नाही.
दवाखान्याच्या पायरीवर बसून
नखांतला नारळ काढत राहिले.
मग एवढंच: "त्या पाटीवर आपली भाषा घाल."

त्याच संध्याकाळी मी ब्रश घेऊन गेले.
पाचव्या ओळीखाली थोडी जागा होती.
"मनाई" लिहिलं आणि थांबले,
हे पण सरकारीच झालं.
पुसलं. लिहिलं: तिसऱ्या, कालवं, मुळे
काढू नका. शिजवून विष जात नाही.
अक्षरं वाकडी आली, रंग ओघळला,
साहेबांनी फोटो मागवला, पुढे काही बोलले नाहीत.

सात आठवडे.
लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आले
तेव्हा आदेश सुटला, आणि आम्ही फलक उपटायला गेलो.
खांब हलेना.
भरतीच्या रेषेखाली त्याला
नखाएवढी कालवं चिकटली होती,
मनाईच्याच लाकडावर, दाटीवाटीने.

मी कोयतीने खरवडली.
एक उघडली. आत खाडीचं थेंबभर पाणी.
जिभेशी नेणार होते, खोटं कशाला बोलू.
मग पिशवीत टाकली,
तारीख घातली, ठिकाण घातलं: खांब, रम्स.
घरी जाताना नाखवांच्या छावणीवरून गेले.
डाळीला फोडणी पडत होती.